इगर्जीत अंथरलेली चटई

मी एक जुनी इगर्ज आहे. इगर्ज म्हणजे ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर. लाकडाच्या भिंती, पत्र्याचं छप्पर आणि अंगावर एकावर एक चढलेले रंग. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात, वालधुनी नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मी उभी आहे. कॅम्पातले सिंधी लोक मला पंचायत हॉल म्हणतात, आजूबाजूच्या गावांतले आगरी लोक अजून इगर्जच म्हणतात, आणि मित्रांनो, तुम्ही मला शाळा म्हणता, कारण सकाळी तुमचा वर्ग माझ्यात भरतो. मी तिन्ही नावांना ओ देते. आता ऐका, एवढी नावं मला कशी पडली ते सांगते.

माझा जन्म इथला नाही. मी समुद्राकाठची. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात मुंबईच्या उत्तरेला एका खडकाळ किनाऱ्यावर लष्करानं तोफा आणून ठेवल्या होत्या. तिथल्या शिपायांना रविवारी प्रार्थनेला जागा हवी होती, म्हणून जवळच्या गावातल्या ख्रिस्ती सुतारांनी मला बांधलं. हे सुतार एरवी होड्या बांधत. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी खिळा टिकत नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यांनी माझे खांब आणि तुळया लाकडी खुंट्यांनी जोडल्या आणि पश्चिमेच्या भिंतीला एक मोठी खिडकी ठेवली. तिच्यातून नुसता समुद्र दिसायचा. रविवारी शिपाई यायचे. इतर दिवशी कोळणी यायच्या. वादळात एखादी होडी परतली नाही की त्या माझ्या पायरीवर येऊन बसत. मी तेव्हा तरुण होते, मला त्यांच्या बसण्याचा अर्थ कळत नसे. उगाच वाट अडवून बसल्यात, असंच वाटायचं.

मग एके दिवशी तोफा हलल्या आणि त्यांच्याबरोबर मीही. सुतारांनी माझ्या खुंट्या ठोकून काढल्या, फळीफळीवर खुणा केल्या आणि मला ट्रकात भरलं. कल्याणच्या पुढे लष्कराची मोठी छावणी होती. तिथं एका भातशेतावर मला पुन्हा उभं केलं. जोडणाऱ्यांनी घाईत दोन फळ्यांची अदलाबदल केली, त्यामुळे माझी मोठी खिडकी तेव्हापासून नीट लागत नाही. समुद्राच्या जागी तिच्यातून मलंगगड दिसू लागला. डोंगर वाईट नाही, पण तो हलत नाही. मला सवय व्हायला बराच काळ लागला.

लढाई संपली. शिपाई बोटीत बसून आपापल्या देशी गेले. पाद्र्यांनी क्रूस, घंटा आणि वेदीचं टेबल काळजीनं गुंडाळून नेलं. मला मात्र कोणी नेलं नाही. मागे उरलेल्यांनी माझ्यात मोडक्या खाटा आणि रिकामी पिंपं टाकली आणि दाराला कुलूप लावलं. मित्रांनो, जिथं माणसं गुडघे टेकून बोलायची तिथं पारव्यांनी घरटी केली, हे मला फार लागलं. घर कितीही मजबूत असो, आत माणूस नसला की ते आतून झिजतं. मी तर आधीच एकदा मोडून जोडलेली.

त्या कुलपाला गंज चढला असताना सिंधी लोक आले. फाळणीत त्यांचं घरदार गेलं होतं. कराचीच्या बंदरातून बोटीनं मुंबईला, तिथून आगगाडीनं कल्याणला आणि मग या ओसाड छावणीत. शिपायांच्या एकेका लांबलचक बराकीत कितीतरी कुटुंबं राहू लागली. मध्ये भिंती नव्हत्या. गोणपाटाचे पडदे लावून त्यांनी घरं केली. एका घरात मूल खोकलं तर चौथ्या घरातली बाई मध घेऊन यायची. चांगलं होतं आणि वाईटही होतं, कारण कोणाचंच काही झाकलं जात नसे.

मी आकारानं लहान, म्हणून मला राहायला कोणी मागितलं नाही. आधी माझ्यात रेशनचं धान्य वाटलं गेलं. मग संध्याकाळी भजनं होऊ लागली. मग एका मास्तरांनी शाळा सुरू केली. पंचायतीचे प्रमुख, ज्यांना सारे मुखी म्हणत, ते रविवारी माझ्यात बसून नळावरची भांडणं मिटवू लागले. समुद्राकाठचे लोक समुद्राकाठच्या घरात आले, असं मला मनातल्या मनात वाटायचं. लोक म्हणत, ही जागा नसती तर आपण एकमेकांना भेटलो तरी कुठं असतो? हे ऐकून मी चांगलीच फुगले. पण खरी मी कामाला आले ती नंतर, आणि त्याचं श्रेय एका चुकीला आहे. तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

मला झाडायला रोज कौसाबाई येत असे. शेजारच्या गावातली आगरी बाई, काटक, कमी बोलणारी. छावणीसाठी जमिनी घेतल्या गेल्या त्यात तिचंही शेत गेलं. मी उभी आहे ते तेच शेत की शेजारचं, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मला विचारता आलं नाही. शेत गेल्यावर तिचा नवरा मुंबईच्या गोदीत हमालीला लागला. चव्वेचाळीस सालच्या एप्रिलात गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं, त्यात तो गेला. त्याचं काहीसुद्धा हाती आलं नाही. आषाढापर्यंत वाट पाहून मग तिचा दीर महिपती यानं रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा माणूस केला आणि वालधुनीच्या काठी त्याला अग्नी दिला. तेव्हा ऐन लावणीचे दिवस. गाव आधीच पांगलेलं. कुळगावचे चार नातलग आले, दुपारपर्यंत थांबले आणि आपापल्या शेतांवर परतले. कौसाबाईजवळ बसायला कोणी उरलं नाही.

आता त्या चटईबद्दल. माझ्यात जिथं पूर्वी वेदी होती, त्या कोनाड्यात शिंदीच्या पानांची एक लांबच लांब चटई गुंडाळून उभी ठेवलेली असे. सिंधी लोक तिला तड्डो म्हणतात. कोणाच्या घरी माणूस गेलं की तड्डो अंथरायचा, घरच्यांनी त्यावर बसायचं आणि ओळखीच्यांनी येऊन शेजारी बसायचं. कोणी काही विचारायचं नाही, बोलायचंही नाही. तिसऱ्या दिवशी तो उचलायचा. अशी चटई कोणी आपल्या घरात ठेवत नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. गरज पडली की पुरुष येऊन ती घेऊन जात, बराकीच्या पडवीत अंथरत आणि काम झालं की परत आणून ठेवत. कौसाबाईला एवढंच सांगितलेलं की ही चटई पोरांना द्यायची नाही. माणसं ती दोन्ही हातांनी, डोकं झाकून उचलतात, हे तिनं पाहिलं होतं. तिला वाटलं, मोठ्या पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली असणार.

माझ्या मागच्याच बराकीत ईश्वरीबाई नावाची म्हातारी आणि तिची तरुण सून जेठी राहत. म्हातारीचा एकुलता एक मुलगा टेकचंद. कराचीहून निघताना दुकानाच्या किल्ल्या नव्या मालकाला देऊन येतो, तुम्ही पुढं व्हा, मी पुढच्या बोटीनं येतो, असं म्हणून तो मागे राहिला. पुढची बोट आली, तिच्या मागच्याही आल्या. टेकचंद आला नाही. ईश्वरीबाई रोज संध्याकाळी त्याच्यासाठी कांदा घातलेली एक जाड पोळी, म्हणजे कोकी, जास्त भाजायची, झाकून ठेवायची आणि सकाळी गाईला घालायची. तिचं म्हणणं एकच होतं. जित्या माणसासाठी कोणी रडलं तर त्याचं आयुष्य तुटतं. त्यामुळे तिच्या घरात रडायची बंदी होती.

ती बंदी जेठीसाठी होती. म्हातारीचं वय झालेलं, ती आशेवर दिवस ढकलत होती. पण जेठी विशी-बाविशीची. हातात लग्नाच्या बांगड्या, कपाळाला कुंकू आणि नवऱ्याचा पत्ता नाही. ती शिवणकाम करी, पाणी भरी, सासूचे पाय चेपी. गोणपाटापलीकडे सगळा शेजार कान देऊन, त्यामुळे उशीत तोंड खुपसून रडायचीही सोय नव्हती. एका दुपारी शाळा सुटल्यावर ती माझ्यात आली, त्या न लागणाऱ्या खिडकीखाली भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिचे खांदे हलू लागले. कौसाबाई झाडत होती. तिनं पाहिलं, काही विचारलं नाही. जाऊन दार ओढून घेतलं.

"रड गो बाय," ती म्हणाली. "मी हाय हितं. कुनी आला त सांगीन, धूल उडते."

आणि तिनं झाडलेली जमीन पुन्हा झाडायला घेतली. त्यानंतर जेठी अधूनमधून येई. कधी दोघी बोलत, एकीची हिंदी मोडकी आणि दुसरीची त्याहून मोडकी. गोदीची गोष्ट, पळसाच्या पानांच्या माणसाची गोष्ट कौसाबाईनं तिला त्याच कोपऱ्यात सांगितली. त्याला जाळल्यावरच मना रडाय आला, असं ती म्हणाली होती. जेठीनं खाली पाहून विचारलं होतं की आपल्याला तेवढंही मिळेल का.

मग एका हिवाळ्यात अजमेरहून एक शिंपी कॅम्पात राहायला आला. तो कराचीत टेकचंदच्याच गल्लीत राहायचा. त्यानं मुखींना सांगितलं की दंगलीच्या दिवशी आपण गच्चीवरून टेकचंदला पडताना पाहिलं. तपकिरी कोट, हातात किल्ल्यांचा जुडगा. खाली उतरायची हिंमत झाली नाही आणि उतरलो तेव्हा गल्ली रिकामी होती. सांगताना तो शिंपी स्वतःच रडत होता. मुखी म्हातारीकडे गेले. म्हणाले, माई, आता तड्डो अंथरू या, पोरीलाही मोकळं होऊ दे. ईश्वरीबाईनं मान हलवली. कोट म्हणजे माझा मुलगा नव्हे, ती म्हणाली. तसे कोट कराचीत किती होते! मुखींनी पुन्हा दोनदा विचारलं. शेवटी त्यांनी तिला निरोप दिला की रविवारी हॉलमध्ये या, पंचांसमोर काय ते एकदा बोलू.

रविवारी ईश्वरीबाई लवकरच आली. ठाम नकार द्यायचा, हे ठरवूनच आलेली. तेव्हा माझ्यात कौसाबाईशिवाय कोणी नव्हतं. म्हातारीचे गुडघे दुखरे, चालून आलेली, धाप लागलेली. ती खिडकीशी उभी राहून मलंगगडाकडे पाहत राहिली. आगऱ्यांच्या घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला भुईवर बसवत नाहीत. कौसाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, कोनाड्यातली ती चांगली चटई काढली आणि अंथरली. म्हातारीच्या दंडाला धरून म्हणाली, "बस आये. मी पानी आनते."

मित्रांनो, मला हात असते तर मी तिला थांबवलं असतं. तोंड असतं तर ओरडले असते. पण मी लाकूड आणि पत्रा. ईश्वरीबाई खाली न बघता बसली. बसल्यावर तिचे तळवे त्या विणीला लागले आणि तिच्या लक्षात आलं. ती दचकून उठू लागली. गुडघ्यांनी साथ दिली नाही. कौसाबाई तर तांब्या घेऊन नळावर गेलेली.

तेवढ्यात एक शेजारीण दारावरून चालली होती, हातात रॉकेलचा डबा. तिनं आत पाहिलं. तड्डो अंथरलेला आणि त्यावर ईश्वरीबाई. जी बाई मुखींचंही ऐकत नव्हती, ती आज आपणहून बसली, असं तिला वाटलं. तिनं डबा पायरीवर ठेवला, चपला काढल्या, डोक्यावरून ओढणी घेतली आणि आत येऊन म्हातारीच्या शेजारी बसली. काही विचारलं नाही, कारण तशी रीतच आहे. तिच्यामागून दुसरी आली. मग बराकीतून पाण्याच्या रांगेत आणि रांगेतून दुसऱ्या बराकीत बातमी गेली. कणकेचे हात पुसत बायका आल्या, पोरं कडेवर घेऊन आल्या. कोणी टेकचंदला पाहिलेलंही नव्हतं. पण प्रत्येकीचं काही ना काही कराचीच्या किनाऱ्यावर राहिलेलं. त्या येत गेल्या आणि बसत गेल्या. पुरुष आले ते बाहेर ओट्यावर बसले. मुखी पंचांना घेऊन आले, दारात थबकले आणि टोपी सारखी करून मागे सरले.

ईश्वरीबाईनं तोंड उघडलं होतं. ही चूक आहे, मी बसलेली नाही, असं ती म्हणणार होती. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. एवढ्यात जेठी आली.

ती दारात उभी राहिली. सासूला चटईवर पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. आत यायची तिची छाती होईना. अजून तिला परवानगी नव्हती. सगळ्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या आणि ती एकटी उंबऱ्यावर, हाताची मूठ तोंडावर दाबून. ईश्वरीबाईनं तिच्याकडे पाहिलं. आपली सून किती वाळली आहे, हे तिनं बहुधा त्या दिवशीच पाहिलं असावं. मुलाच्या वाटेकडे डोळे लागले की जवळचं दिसत नाही.

मग म्हातारी थोडी सरकली. आपल्या शेजारची जागा तिनं हातानं थोपटली.

"अच धीअ," ती सिंधीत म्हणाली. ये पोरी. आणि मग, आवाज फुटला तसं, "रोअ."

रड. एवढाच शब्द. जेठी धावली आणि तिच्या मांडीत कोसळली. तिचं ते रडणं मी विसरणार नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं, कोपऱ्यात तोंड दाबून अर्धंमुर्धं बाहेर पडलेलं, ते सगळं एकदम आलं. माझ्या खुंट्या त्यानं थरथरल्या. मग म्हातारीही रडली. पाण्याचा तांब्या घेऊन कौसाबाई आली ती दारातच उभी राहिली. तिला कळलं की आपल्या हातून काहीतरी झालं आहे. पण काय झालं आहे, ते कळेना.

या वेळी तड्डो बराकीच्या पडवीत नेला नाही, माझ्यातच अंथरलेला राहिला. तीन दिवस बायका येत होत्या. तिसऱ्या दिवशी चटई उचलायला पुरुष आले, तेव्हा कौसाबाई पुढं झाली आणि ईश्वरीबाईच्या पायाशी बसली.

"आये, मना म्हाईत नव्हता ही चटई कसली ती," ती म्हणाली. "मना मानाची वाटली."

"मान की ही है," ईश्वरीबाई म्हणाली. मग तिनं उचलायला आलेल्यांना हातानं थांबवलं. जेठीनं तिला रात्री कौसाबाईचं सगळं सांगितलं होतं. ती कौसाबाईला म्हणाली, "तेरे घरवाले का नाम क्या था?"

आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. सगळ्या बायका वाट पाहत होत्या. नाव न घेण्याची रीत सिंधी बायकांतही आहे, त्यामुळे तिला घाई कोणी केली नाही.

"आनंदा," शेवटी ती म्हणाली.

ईश्वरीबाईनं ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग तिनं कौसाबाईचा हात धरला आणि तिला आपल्या शेजारी, टेकचंदसाठी अंथरलेल्या त्या चटईवर बसवलं. "आज आनंदा के लिए बैठेंगे," ती म्हणाली.

आणि त्या बसल्या. गोदीत हमाली करणाऱ्या एका आगरी माणसासाठी कराचीच्या बायका दिवे लागेपर्यंत बसून राहिल्या. त्याच्या बायकोजवळ त्याच्या जाण्यानंतर कोणी बसलं नव्हतं. कुळगावहून तिचा दीर महिपती बाजारासाठी आला होता, त्यानं हे पाहिलं आणि डोक्याचं मुंडासं काढून तोही पुरुषांत ओट्यावर जाऊन बसला. कौसाबाई रडली नाही. ती सरळ बसून राहिली, जेठीचा हात हातात घेऊन. पण दुसऱ्या दिवशी झाडताना ती पहिल्यांदाच काहीतरी गुणगुणत होती.

मित्रांनो, त्यानंतर माझ्यात लग्नं झाली, बारशी झाली, डॉक्टर सुया टोचून गेले, तुमच्या कवायतीही झाल्या. जेठी आता तुमच्याच शाळेत खालच्या वर्गाला शिवण शिकवते. तड्डो कोणाच्याही घरचा असला तरी माझ्यातच अंथरला जातो, सिंध्यांचा असो, आगऱ्यांचा असो की अंबरनाथच्या कारखान्यातल्या साहेबाचा. समुद्राकाठी कोळणी माझ्या पायरीवर का बसत, ते मला इतक्या उशिरा कळलं. जाणारा परत येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असायचं. पण ते एकट्यानं सोसवत नाही.

माझं वय झालं आहे. पत्रे गळतात, खुंट्या सैल झाल्या आहेत. कधीतरी माझ्या जागी सिमेंटचा मोठा हॉल उभा राहील, त्याला पंखे असतील, रंगमंच असेल. जरूर बांधा, मला राग नाही. फक्त भिंती उभारताना एवढं बघा की मध्ये एक लांब चटई मावेल अशी मोकळी जमीन राहू द्या. आणि तिच्यावर कोणी एकटं बसलेलं दिसलं, तर कोण आहे, कुठलं आहे, काय झालं हे विचारत बसू नका. चपला काढा आणि शेजारी जाऊन बसा.